ध्वनीच्या मापात नाव राहिलेला शिक्षक : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

वाचकहो, रेडिओ किंवा लाउडस्पीकरच्या माहितीपत्रकात ‘डेसिबल’ हा शब्द आपल्या पाहण्यात आला असेल. ‘डेसि’ म्हणजे दहावा भाग आणि ‘बेल’ हे एका माणसाचे आडनाव. टेलिफोनचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण तो व्यवसायाने शिक्षक होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. आईला फारच कमी ऐकू येई. इतर लोक तिच्या कानाच्या नळीत मोठ्याने बोलत. हा मुलगा मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या स्वरात बोले आणि ते तिला समजे. ध्वनी म्हणजे कंपने, हा पहिला धडा बेल यांना घरातच मिळाला.

दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० साली हे कुटुंब कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत बोस्टन येथे कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. दिवसा अध्यापन आणि रात्री विजेचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी टेलिफोनच्या पेटंटसाठी त्यांचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचेही कागद दाखल झाल्याने मोठा वाद माजला. ७ मार्चला पेटंट बेल यांना मिळाले आणि १० मार्चला दुसऱ्या खोलीतील त्यांचे सहायक वॉटसन यांना तारेतून आलेले शब्द स्पष्ट ऐकू आले. १८७७ साली त्यांनी आपली पूर्वीची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिच्याशी विवाह केला. लहानपणीच्या आजाराने तिचे ऐकणे गेले होते. पतीच्या यंत्रातील आवाज तिला कधीच ऐकू आला नाही.

आता त्या मापाकडे वळू. तारेतून जाताना आवाज क्षीण होतो. पहिल्या मैलात जेवढ्या पटीने घट, तेवढ्याच पटीने पुढच्या प्रत्येक मैलात. अशा वेळी गुणाकार-भागाकार करीत बसण्यापेक्षा बेरीज-वजाबाकी सोपी. म्हणून टेलिफोनच्या अभियंत्यांनी लॉगॅरिदमवर आधारलेले एकक घेतले व बेल यांच्या निधनानंतर त्याला त्यांचे नाव दिले. १० डेसिबल वाढले की विद्युतशक्ती दहापट, २० वाढले की शंभरपट, आणि ३ वाढले की जवळजवळ दुप्पट होते.

टेलिफोनच्या कामात १ मिलिवॅट शक्तीला शून्य मानतात. समजा, तेवढी शक्ती पाठविली, वाटेत ३० डेसिबल घटले आणि वर्धकाने २० वाढविले. बाकी उणे १०. म्हणजे पोहोचली ती एक दशांश मिलिवॅट. व्होल्टेज हवे असेल, तर शक्ती ही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे ध्यानात ठेवावे. म्हणून रोध तोच असताना व्होल्टेज दहापट होण्यास १० नव्हे, २० डेसिबल लागतात. ६०० ओहमच्या रोधावर १ मिलिवॅट म्हणजे सुमारे ०.७७५ व्होल्ट, त्यावर २० डेसिबल वाढले की ७.७५ व्होल्ट, आणि आपल्या उदाहरणातील उणे १० ला सुमारे ०.२४५ व्होल्ट. रोध न सांगता व्होल्टेज सांगता येत नाही, ही गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात.

कीर्ती आणि पैसा मिळूनही बेल यांनी कर्णबधिरांचे कार्य सोडले नाही. १८८० साली फ्रान्सकडून ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक मिळाले. ते त्यांनी संशोधनाला लावले. हेलन केलरचे वडील १८८६ मध्ये त्यांना भेटले व त्यांच्याच सल्ल्याने पुढे त्या मुलीला ॲन सलिव्हनसारखी शिक्षिका लाभली.

पण वाचकहो, चरित्र म्हणजे आरती नव्हे. कर्णबधिर मुलांनी तोंडानेच बोलावे, हातांच्या खुणांची भाषा शाळेत नको, असा बेल यांचा आग्रह होता. कर्णबधिरांनी आपापसांत विवाह करू नयेत, असेही मत त्यांनी मांडले. खुणांची भाषा ही परिपूर्ण भाषा आहे, हे आज मान्य झाले आहे; आणि बेल यांच्या त्या आग्रहाचे दुःख अनेक कर्णबधिरांच्या मनात आजही आहे. ज्याने जगाला दूरचे ऐकविले, त्याला समोरच्या मुलांच्या हातांचे बोलणे उमगले नाही.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट मुके ठेवण्यात आले.

आम्ही शिक्षकांनी या थोर शिक्षकाकडून दोन्ही धडे घ्यावेत. आईच्या कपाळाशी वाकणाऱ्या त्या मुलासारखे विद्यार्थ्याच्या जवळ जावे, आणि तो ज्या भाषेत बोलतो ती आधी ऐकावी. क्षीण आवाज वर्धकाने वाढविता येतो. न ऐकणाऱ्या मनाला मात्र कोणताही वर्धक उपयोगी पडत नाही.