घासणीच्या नावाचा इन्स्पेक्टर

आमच्या विंगमध्ये 'पॅटलेबर' सगळ्यांना आवडते यात काही नवल नाही. १९८८ साली सुरू झालेली ही जपानी अ‍ॅनिमे मालिका. भविष्यातलं टोकियो (भविष्य म्हणजे त्यांच्या हिशेबाने १९९८-९९, आपल्यासाठी इतिहास!), बांधकामावर राबणारी अवाढव्य यंत्रं, म्हणजे 'लेबर', आणि ती वापरून होणारे गुन्हे रोखायला पोलिसांची खास तुकडी. पोलिसांकडेही तसेच दोन पायांवर चालणारे लेबर. ऐकायला एकदम जबरदस्त. प्रत्यक्षात ही तुकडी टोकियोच्या खाडीत भराव घातलेल्या ओसाड जमिनीवर पडलेली. आसपास दुकान नाही. पोरं आवारात टोमॅटो पिकवतात, मासे धरतात आणि एकाच चायनीज हॉटेलातून डबा मागवतात. तो आला नाही तर उपास. गावाबाहेरच्या हॉस्टेलवर तीन वर्षं काढलेल्याला यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी 'डोमिनियन टँक पोलीस' आली. रणगाडे घेऊन चोरांच्या मागे लागणारे पोलीस, आणि चोरांपेक्षा त्यांच्याच हातून शहराची जास्त मोडतोड.

मला प्रश्न पडला तो असा, की भविष्यातला पोलीस म्हटला की या लोकांना हसू का येतं? हॉलिवूडचा 'रोबोकॉप' पाहा, १९८७ चा. त्यातही उपहास आहे, पण तो रक्तबंबाळ. जपान्यांचा पोलीस घाम पुसतो, वरिष्ठांच्या शिव्या खातो, बजेट नाही म्हणून रडतो. माग काढत मी मागे मागे गेलो तेव्हा रस्ता एका माणसापाशी येऊन थांबला. ओसामू तेझुका. 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चा जन्मदाता. (मानाने त्यांना अहोजाहो करायला हवं. पण आपण सचिनलाही अरेतुरेच करतो, तेव्हा स्टाफने समजून घ्यावं.)

तेझुकाचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाका गावातला. लहानपण ताकाराझुका या गावी गेलं. घरी हाताने फिरवायचा प्रोजेक्टर होता. त्यावर वडील मिकी माउस आणि चॅप्लिनच्या फिल्म दाखवत. आई गोष्टींची चित्रपुस्तकं वेगवेगळे आवाज काढून वाचून दाखवायची. पोरगं किडकिडीत, चष्मेवालं, कुरळ्या केसांचं, म्हणजे वर्गातल्या दांडगटांना आयतं गिऱ्हाईक. त्याला नाद दोनच, चित्रं आणि किडे. 'ओसामुशी' नावाचा एक भुंगा जपानात सापडतो. आपल्या नावाशी जुळतंय म्हणून या पठ्ठ्याने आपल्या नावाला किड्याचं चिन्ह जोडून टाकलं आणि तीच सही जन्मभर ठेवली. पुढे स्टुडिओ काढला त्याचंही नाव 'मुशी', म्हणजे किडाच!

मग युद्ध आलं. शाळकरी पोरांनाही कामाला जुंपलं होतं. तेझुका ओसाकातल्या शस्त्रांच्या कारखान्यात. १९४५ च्या जूनमध्ये ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो टेहळणीच्या मनोऱ्यावर होता. आगीचे बॉम्ब अगदी जवळ पडले. हा वाचला. खाली उतरून नदीकडे गेला तर सगळीकडे प्रेतं. त्याच्या दोन महिने आधी त्याने युद्धप्रचारासाठी काढलेला 'मोमोतारो'चा अ‍ॅनिमेशनपट रिकाम्या थिएटरात पाहिला होता आणि रडला होता. प्रचारामुळे नव्हे, चित्रं हलतात त्यामुळे. आपण आयुष्यात एकदा तरी असं काही करायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

युद्ध संपलं, अमेरिकन सैनिक आले. रस्त्यात एका दारू प्यायलेल्या सैनिकाने काहीतरी विचारलं, याला कळलं नाही, याचं उत्तर त्याला कळलं नाही, आणि सैनिकाने ठोसा मारला. एवढीच घटना. पण तेझुकाने ती पुढे अनेकदा सांगितली. दोन जातींचे जीव समोरासमोर येतात, भाषा जुळत नाही, आणि ज्याच्या अंगावर वर्दी त्याचा हात आधी उठतो. माणूस आणि रोबोट यांच्या त्याच्या गोष्टी इथूनच निघाल्या. हे कळल्यावर मी जुने भाग पुन्हा लावले, आणि त्यातला पोलीस मला वेगळाच दिसायला लागला.

त्या पोलिसाकडे येतोच, आधी करिअरचं. कारण प्लेसमेंट तोंडावर आलेल्यांना तेच जास्त लागेल. तेझुका १९४५ मध्ये ओसाका विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला गेला. १९४६ मध्ये, म्हणजे शिकता शिकताच, मुलांच्या वर्तमानपत्रात त्याची चार-चार चौकटींची चित्रमालिका सुरू झाली. १९४७ चं 'नवं खजिना बेट' हे पुस्तक लाखांच्या घरात खपलं. पानावर गाडी धावत येते तर चौकटीमागून चौकट जणू कॅमेराच फिरतोय, असं पोरांनी तोवर पाहिलं नव्हतं. इकडे लेक्चरला वहीत शरीररचनेशेजारी कार्टून. डॉक्टर होऊ की मांगा काढू, असं त्याने आईला विचारलं. आवडतं ते कर, असं तिने सांगितलं. आमच्याकडे हे उत्तर मिळालं असतं तर आधी आम्हीच चक्कर येऊन पडलो असतो.

मात्र पुढचं नीट वाचा, कारण ही गोष्ट सांगणारे नेमकं हेच गाळतात. त्याने डिग्री सोडली नाही. १९५१ मध्ये पूर्ण केली, सरकारी परीक्षा पास होऊन डॉक्टरीचा परवाना काढला आणि मग प्रॅक्टिस केली नाही. वर १९६१ मध्ये, डेडलाइनवाले संपादक दारात बसलेले असताना, डॉक्टरेटही घेतली. विषय, गोगलगायीच्या शुक्रपेशींचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अभ्यास!

आता तो पोलीस. १९५१ मध्ये तेझुकाने आतोमू नावाचा रोबोट मुलगा कागदावर आणला, आणि १९५२ पासून 'तेत्सुवान आतोमू', म्हणजे लोखंडी बाहूंचा अणू, ही मालिका 'शोनेन' मासिकात सुरू झाली. गोष्टीत आतोमूचा जन्म २००३ सालचा. डॉक्टर तेन्मा या शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. बाप त्याच चेहऱ्याचा रोबोट बनवतो. पण रोबोट वाढत नाही, उंच होत नाही, म्हणून चिडून त्याला सर्कशीला विकतो. तिथून प्रोफेसर ओचानोमिझू त्याला सोडवतात. एक लाख अश्वशक्ती, पायात जेट, आणि तरीही बिचाऱ्याला रोज शाळा.

या जगात रोबोटांसाठी कायदे आहेत. यादी वाचताना आधी हसू येतं. रोबोट पैसा सोडून काहीही बनवू शकतो. परवानगीशिवाय देशाबाहेर जायचं नाही. परवानगीशिवाय चेहरा बदलायचा नाही. माणसाने मोडीत काढलेल्या रोबोटला पुन्हा उभं करायचं नाही. शेवटच्या कलमापर्यंत हसू ओसरलेलं असतं. आणि हा कायदा राबवायला कोण, तर इन्स्पेक्टर तावाशी. तावाशी म्हणजे काथ्याची घासणी, भांडी घासायची! मोठं नाक, मोठा आवाज, रोबोटांवर राग. गुन्हा झाला की आधी संशय आतोमूवर. त्याच्या जोडीला इन्स्पेक्टर नाकामुरा, जरा मवाळ. आणि मिशाळ हिगेओयाजी, जो आतोमूच्या शाळेत मास्तर असतो आणि दुसऱ्या पुस्तकांत खाजगी डिटेक्टिव्ह. तेझुका आपल्या पात्रांना सिनेमातल्या नटांसारखं वापरायचा. तोच चेहरा इथे शिक्षक, तिथे गुप्तहेर. १९४९ च्या त्याच्या 'मेट्रोपोलिस'मध्येही कृत्रिम जीवाच्या पाठीशी उभा राहणारा डिटेक्टिव्ह हाच मिशाळ म्हातारा.

तावाशी दुष्ट नाही, हे माझ्या मते तेझुकाचं खरं डोकं. तो फक्त नियम वाचतो आणि समोरच्याकडे बघत नाही. खलनायक असता तर आतोमूने एका ठोशात निकाल लावला असता. पण कायद्याने रोबोटला माणसावर हात उगारता येत नाही. म्हणून लाख अश्वशक्तीचं पोरगं एका ओरडणाऱ्या जाड्या माणसासमोर मान खाली घालून उभं राहतं. आपण हसतो, आणि मग आपल्याला ते बरोबर वाटेनासं होतं. पुढच्या 'निळा शिलेदार' या कथेत तर रोबोट स्वतःचा देश काढतात आणि आतोमू माणसांच्या विरोधात त्यांच्या बाजूने जातो. वाचकांना ते फारसं रुचलं नाही. गोड पोरगं बंड करतं म्हणजे काय!

आता इंजिनिअरिंग. १ जानेवारी १९६३ ला आतोमू टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग. गणित करून पाहा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. २५ मिनिटांचे ३६,००० फ्रेम. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी १८,००० चित्रं, दर आठवड्याला, हाताने! कुणीही म्हणालं असतं की होणार नाही. तेझुकाने तीन फ्रेमना एक चित्र केलं. मग बोलताना फक्त ओठ हलवले, बाकी चेहरा तसाच. मग एकच स्थिर चित्र ठेवून त्यावर कॅमेरा सरकवला. आतोमू उडतानाची चित्रं जपून ठेवली आणि पुढच्या भागात मागचं ढग बदलून पुन्हा वापरली. याला ते 'बँक' म्हणायचे. (जर्नल पूर्ण करण्याची आपली पद्धत यापेक्षा फार वेगळी नाही.) असं करत आकडा दोन हजारांच्या आसपास आणला. विशेष म्हणजे हलणं कमी झाल्यामुळे विनोदाला धार आली. तावाशी गोठतो, एक क्षण काहीच हलत नाही, आणि मग फुटतो. जपानी अ‍ॅनिमेतला तो थांबा आजही तसाच आहे.

मालिका तुफान चालली. १९३ भाग झाले, एकदा प्रेक्षकसंख्या चाळीस टक्क्यांवर गेली, अमेरिकेत एनबीसीने ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' नावाने विकली. ३१ डिसेंबर १९६६ ला शेवटच्या भागात आतोमू पृथ्वी वाचवण्यासाठी सूर्यात झेप घेतो.

पण एक हिशेब वाईट राहिला. तेझुकाने हे भाग टीव्ही कंपनीला खर्चाच्या मानाने फार स्वस्तात दिले. तूट भरायला स्वतःच्या मांगाची कमाई ओतली. त्याच्याकडे ती होती. इतरांकडे नव्हती. जपानमध्ये अ‍ॅनिमेटरांना पगार कमी का, यावर आजही वाद निघाला की बोट त्या किमतीकडे जातं. १९८९ मध्ये तो गेल्यावर मियाझाकीनेसुद्धा श्रद्धांजलीच्या ऐवजी हीच टीका केली होती. मला ती पूर्ण पटत नाही, कारण ज्यांनी पुढे वीस-तीस वर्षं त्याच दराने काम करवून घेतलं त्यांचं काय? पण साफ खोडूनही काढता येत नाही. मुशी प्रॉडक्शनचं अध्यक्षपद त्याने १९७१ मध्ये सोडलं आणि १९७३ मध्ये कंपनी बुडाली. लोक म्हणाले, तेझुका संपला. त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९७३, 'ब्लॅक जॅक' सुरू झालं. लायसन्स नसलेल्या सर्जनची कथा, लायसन्स असून न वापरलेल्या डॉक्टरने लिहिलेली.

ज्यांनी 'डोरेमॉन' हिंदीत पाहत दहावी दिली त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९५४ मध्ये टोकियोतल्या तोकिवा-सो नावाच्या साध्या चाळवजा इमारतीतली आपली खोली तेझुकाने सोडली तेव्हा तिथे दोन होतकरू पोरं राहायला आली. तेझुकाने भरलेलं डिपॉझिट त्यांच्यासाठी तसंच ठेवलं, टेबलही ठेवलं. ती जोडी म्हणजे फुजिको फुजिओ. डोरेमॉन त्यांचा, आणि नोबिताच्या सिनेमांतले काळात फिरणारे 'टाइम पेट्रोल'वाले पोलीसही त्यांचेच. आपले सिनिअर रूम सोडताना काय ठेवून जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आपल्याशी त्याचा आणखी एक धागा आहे. १९७२ ते १९८३ त्याने 'बुद्ध' काढलं, कपिलवस्तूपासून परिनिर्वाणापर्यंत. इंग्रजीत त्याचे आठ खंड आहेत. त्यातही अधूनमधून आचरट विनोद येतात. काहींना ते खटकतात, मला नाही.

९ फेब्रुवारी १९८९ ला पोटाच्या कॅन्सरने तो गेला, वयाच्या साठाव्या वर्षी. त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे आजाराचं नाव त्याला सांगितलंच नव्हतं. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाला! अंथरुणावरही तो पेन्सिल मागत राहिला. तीन कथा अर्ध्या राहिल्या. मागे दीड लाखाच्या आसपास पानं.

मुशीमधून बाहेर पडलेल्या लोकांनी १९७२ मध्ये मॅडहाउस आणि सनराइज हे स्टुडिओ काढले होते. तेझुका गेल्यावर आठ महिन्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, 'पॅटलेबर'ची टीव्ही मालिका सुरू झाली. ती सनराइजनेच केली.

आणि एक पोलीस राहिलाच. १९६४-६५ च्या 'पृथ्वीवरचा सर्वांत बलवान रोबोट' या आतोमूच्या कथेत गेसिख्त नावाचा जर्मन रोबोट डिटेक्टिव्ह आहे. मोजक्या पानांपुरता येतो आणि मारला जातो. लहानपणी ती कथा वाचलेल्या नाओकी उरासावाने २००३ मध्ये 'प्लूटो' सुरू केलं आणि या गेसिख्तलाच नायक केला. रोबोट असूनही रोबोटांचाच कायदा राबवणारा, बायको असलेला, रात्री वाईट स्वप्नं पडणारा पोलीस. २०२३ मध्ये त्याचं अ‍ॅनिमे आलं, आठ भागांचं, तासातासाचे. ते घडवून आणणारा मासाओ मारुयामा साठच्या दशकात मुशीतच कामाला लागला होता. यात हसायला फारसं मिळत नाही. तावाशीचे जुने भाग आधी बघा, मग हे. आणि पीएलमध्ये सुरू करू नका, एका भागावर थांबता येत नाही.