जलालपूरची मनू

मिठाचा खडा धुतला म्हणजे तो विरघळून जातो, हे लहान पोरासही ठाऊक असते. परंतु नाशिकजवळील जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी बाजारातून आलेले मीठसाखरही धुतल्यावाचून चालत नसे. याच घरी १८६८ साली मनकर्णिका नावाची कन्या जन्मास आली. लक्ष्मीबाई टिळक या नावाने पुढे साऱ्या महाराष्ट्रास परिचित झालेल्या बाई त्या ह्याच.

१८५७ सालच्या बंडाच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांस सरकारने फासावर दिले. तेव्हापासून तिच्या वडिलांस विटाळाची विलक्षण धास्ती बसली. त्या सोवळ्यात भक्ती थोडी व भय फार होते, असे आम्हांस वाटते. आणि त्या भयाचा जाच सोसला तो घरातील बायकामुलांनी. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. सासरा तापट, पती कवी व भटक्या वृत्तीचे, घरात दारिद्र्य. तथापि तिला वाचावयास शिकविले ते याच पतीने, हेही सांगितले पाहिजे.

त्यांच्या संसाराचा काही काळ नागपुरात गेला. नाशिकहून तिकडे जाणारा लोहमार्ग आपल्याच मलकापूर-शेगाववरून जातो.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्तमत स्वीकारले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. जलालपूरचे ते जुने भय त्यांच्याही मनात घर करून होते! पतीने त्यांस बळेच ओढले नाही. जातिभेद देवाने केला की माणसांनी, याचा त्यांनी स्वतःच विचार केला, आणि एकेक करून सोवळ्याचे पाश गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या खऱ्या. परंतु आम्हां कॅथोलिकांच्या घरांतही त्यांचे नाव आपलेपणाने घेतले जावे, अशी आमची इच्छा आहे.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य बाईंनी पुढे नेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या मनूने! आपल्या आठवणींचे ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी घरच्या बोलीत लिहिले; पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात वडिलांच्या सोवळ्याची हकीकत इतक्या हसऱ्या लेखणीने आली आहे की, वाचणाऱ्यास हसू आवरत नाही. कडवटपणाचा लवलेश नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाई प्रभुचरणी लीन झाल्या. पुस्तकाचा शेवटचा भाग त्यांच्या मागून प्रसिद्ध झाला.