पाचगणीचा विद्यार्थी आणि शेवटची रांग

हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमतमध्ये रॉक किंवा मेटल संगीताची मोठी मैफल झाल्याचे ऐकिवात नाही आणि नजीकच्या काळात ती होण्याचा संभवही दिसत नाही. या संगीतातील जगप्रसिद्ध मंडळी भारतात आली तर मुंबईला किंवा बंगळूरला येतात. आयर्न मेडन २००७ साली आणि मेटालिका २०११ साली बंगळूरला येऊन गेले. तिकीट, प्रवासभाडे आणि मुक्काम यांचा हिशेब केला तर मराठवाड्यातील एखाद्या कारकुनाच्या मुलाला असा बेत सहसा परवडत नाही. तरीही येथील काही घरांत रात्री जेवणे आटोपली की दूरचित्रवाणी संचावर लंडनचे वेम्ब्ली मैदान अवतरते, आणि पुढचे दोन तास घरातील तरुण मंडळी तेथून हलत नाहीत. वडीलधाऱ्यांना हा गोंगाट वाटतो. मीही पुष्कळ दिवस त्याच मताचा होतो.

गेल्या वर्षी वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले की, घरी बसून पाहिलेल्या मैफलीला मैफल म्हणावे काय. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना तर तो जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गाजलेल्या मिसेस बिलिंग्टन या गायिकेचे उदाहरण घेऊन आल्फ्रेड मार्शल यांनी असे दाखवून दिले होते की, मानवी आवाज जितक्या माणसांपर्यंत पोचतो तितकीच गायकाच्या बाजारपेठेची व्याप्ती असते. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांनी ही मर्यादा मोडली. मात्र मर्यादा मोडल्यावर जे दूरवर पोचते ते गाणेच असते की गाण्याची नुसती सावली, याचे उत्तर मार्शलच्या सिद्धांतातून मिळत नाही. ते एखाद्या कलावंताच्या चरित्रातच शोधावे लागते. त्यासाठी फ्रेडी मर्क्युरी या गायकाचे चरित्र विशेष उपयोगी आहे. आणि त्याचा महत्त्वाचा एक भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. वडील तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराण्याचे मूळ गुजरातेतले. बलसारा हे आडनावच बलसाडची, म्हणजे आजच्या वलसाडची, आठवण सांगणारे. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी समुद्रमार्गे मुंबईला आणि तेथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडले. आईवडिलांची भेट क्वचित होई. सुट्टीत मुंबईच्या नातलगांकडे जायचे आणि पुन्हा घाट चढून शाळेत परतायचे, हाच त्याचा अनेक वर्षांचा क्रम होता.

या शाळेत त्याच्या हाताला पियानोची गोडी लागली. शिक्षकांनी त्याचा ओढा ओळखला, घरच्यांनी शिकवणीचा जादा खर्च सोसला आणि त्याने पियानोवादनाच्या चार श्रेणी पार केल्या. शालेय मित्रांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली ती येथेच. बारा वर्षांच्या सुमारास त्याने चार मित्रांसह द हेक्टिक्स नावाचा वाद्यवृंद काढला आणि शाळेच्या समारंभांत लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवू लागली. त्या वृंदाचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता आणि फ्रेडी मागे पियानोवर बसे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नभोवाणीवर एकदा ऐकलेले गाणे पियानोवर उतरवण्याची त्याची हातोटी सहाध्यायांच्या पुढेही स्मरणात राहिली.

ज्या संगीताने पुढे त्याला जगप्रसिद्ध केले, त्या संगीताची पहिली ओळख त्याला सह्याद्रीच्या माथ्यावर नभोवाणी आणि तबकड्या यांच्याद्वारे, म्हणजे दुरूनच झाली. लिटल रिचर्डच्या मैफलीत जाऊन बसण्याचे भाग्य पाचगणीच्या मुलाला कोठून असणार? तो त्या संगीताच्या अगदी शेवटच्या रांगेतला श्रोता होता. तेथे बसूनही त्याने जे घ्यायचे ते घेतले. वसमतच्या घरात बसलेल्या तरुणाला हलके लेखण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले पाहिजे.

निर्वासिताचा रंगमंच

भारतातून तो झांझिबारला परतला आणि थोड्याच काळात, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे राज्यक्रांती झाली. बलसारा कुटुंबाने हाती लागेल ते घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या पश्चिमेला फेल्टम येथे बिऱ्हाड केले. फ्रेडीने ईलिंगच्या कलामहाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण घेऊन १९६९ मध्ये पदविका मिळवली, विमानतळावर सामान वाहण्याचे काम केले आणि केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडेही विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह त्याने क्वीन या वाद्यवृंदाची स्थापना केली. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. वृंदाचे नाव फ्रेडीने सुचवले आणि बोधचिन्हही त्यानेच रेखाटले.

पुढचा इतिहास बहुश्रुत आहे. १९७५ मध्ये आलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे इंग्लंडच्या यादीत नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. वृंद दौऱ्यावर असल्याने दूरचित्रवाणीसाठी या गाण्याचे छोटेसे चित्रण अवघ्या काही तासांत उरकण्यात आले, आणि गाणे घराघरांत पोचवण्याचे एक नवे साधन हाती आले. रंगमंचावर मात्र वृंदाचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले होते. १९७७ च्या एका कार्यक्रमानंतर श्रोते आपण होऊन एकसुरात गाऊ लागले. त्या अनुभवातून, पाय आपटून आणि टाळ्या वाजवून श्रोत्यांनीच साथ करावी अशी गाणी जन्माला आली. ज्याच्याजवळ वाद्य नाही, ज्याला कलावंताचा चेहराही नीट दिसत नाही, असा मागच्या रांगेतला माणूस त्यामुळे कार्यक्रमाचा भागीदार झाला.

फ्रेडीच्या कलेचे मर्म येथेच आहे. खासगीत लाजराबुजरा असलेला, पुढे आलेल्या दातांमुळे संकोचणारा आणि मुलाखती टाळणारा हा माणूस रंगमंचावर पाऊल ठेवताच मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसाशी बोलू लागे. अर्धवट तुटलेला ध्वनिक्षेपकाचा दांडा हाती घेऊन तो एखादी तान फेके आणि हजारो माणसे ती परत करीत. आपल्या कीर्तनात बुवांनी चरण म्हणावा आणि सभामंडपाने तो उचलावा, त्या जातीचा हा व्यवहार होता.

कॅमेऱ्यासमोरची कसोटी

सुदैवाने या कलेचे चित्रण वेळेवर झाले. २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे झालेले क्वीनचे कार्यक्रम चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फितीवर टिपले गेले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्लीवर लाइव्ह एड हा कार्यक्रम झाला. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली होती. भर दिवसाचा उजेड, नेहमीची प्रकाशयोजना नाही आणि समोर ७२ हजारांचा समुदाय. वृंदाने आधी घड्याळ लावून तालीम केली होती. त्या वीस मिनिटांत फ्रेडीने मैदान तर जिंकलेच. पण उपग्रहाद्वारे जगभर हा कार्यक्रम पाहणारे असंख्य प्रेक्षक आपापल्या घरी होते, आणि त्यांनाही आपण त्या गर्दीत उभे आहोत असे वाटले.

पुढच्या वर्षी, ११ आणि १२ जुलै १९८६ रोजी, क्वीनने वेम्ब्लीवर स्वतःचे दोन कार्यक्रम केले. घरोघरी पाहिला जातो तो चित्रपट याच मैफलींचा. २७ जुलैला हा वृंद हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे गेला. साम्यवादी राजवटीतील त्या श्रोत्यांना पाश्चात्त्य रॉकचा एवढा मोठा कार्यक्रम ही अपूर्वाईच होती. फ्रेडीने तेथे एक हंगेरियन लोकगीत म्हटले. शब्द पाठ नव्हते म्हणून तळहातावर लिहून घेतले होते. चित्रपटात तो हात दिसतो आणि श्रोत्यांचा गजरही ऐकू येतो. मैदानात दूर बसलेल्यांना तळहातावरची ती अक्षरे दिसणे शक्य नव्हते. घरच्या प्रेक्षकाला ती दिसतात. चित्रपट काही हिरावून घेतो तसे काही देतोही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याच्या चरित्रात डागही आहेत. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे क्वीनने १९८४ मध्ये कार्यक्रम केले. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. उधळपट्टी आणि स्वैरपणा यांचेही आरोप त्याच्यावर झाले. त्याचे खासगी जीवन तत्कालीन समाजाच्या चौकटीत बसणारे नव्हते. अखेरच्या वर्षांत एका पुरुषाची सोबत त्याला लाभली होती. त्या काळच्या वृत्तपत्रांनी ज्या हीन कुतूहलाने त्याचा पिच्छा पुरवला, त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम हा क्वीनसह त्याचा अखेरचा ठरला. पुढच्या वर्षी त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. शक्ती ओसरत असतानाही तो ध्वनिमुद्रण करीत राहिला. आजाराची जाहीर कबुली त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी दिली आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. माँट्रियलच्या पहिल्या चित्रणाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे पूर्ण होत होती. अंत्यसंस्कार पारशी धर्मविधीनुसार झाले. एप्रिल १९९२ मध्ये वेम्ब्लीवर झालेल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात मेटालिका आणि डेफ लेपर्ड यांच्यासारखे वृंद गायले, आणि त्यातून एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट उभा राहिला.

आपल्याकडील हिशेब

आता आपल्याकडे पाहू. बालगंधर्वांची नाटके पाहायला माणसे रात्र रात्र जागत. आज त्यांचे गाणे आपल्याला तीन-चार मिनिटांच्या तबकड्यांतून ऐकावे लागते. मराठी बोलपट १९३२ मध्ये आला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. १९३५ च्या 'धर्मात्मा'त ते एकनाथांच्या भूमिकेत दिसतात. परंतु ऐन भरातले 'मानापमान' किंवा 'स्वयंवर' प्रेक्षागृहासह पाहण्याची सोय कोणालाही नाही. तेव्हा साधने नव्हती, हे मान्य. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना मराठवाड्यातील रात्रभराचा गोंधळ, एखाद्या शाहिराचा संपूर्ण कार्यक्रम किंवा सप्ताहातील पुरते कीर्तन नीट टिपून ठेवण्याची तसदी किती ठिकाणी घेतली जाते? तुकडे पुष्कळ आहेत, पूर्ण चित्रण विरळा. वृद्ध गोंधळ्याबरोबर त्याची रात्रही निघून जाते आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. गावोगावच्या महाविद्यालयांनी दरवर्षी एक जरी कार्यक्रम आरंभापासून अखेरपर्यंत श्रोत्यांसह टिपला, तरी दहा वर्षांत मोठी ठेव जमेल. त्यासाठी फार पैसा लागत नाही.

राहिला विद्यार्थ्याचा प्रश्न. घरी पाहिलेली मैफल ही मैफलच होय, परंतु तिचे मोल चुकते केले तर. तिकिटाचे पैसे वाचले म्हणून ती फुकट ठरत नाही. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो येथेही आहे, आणि तो अखंड दोन तासांचा आहे. मधूनच थांबवून, आवडते तेवढे गाणे पाहून, हातातल्या फोनकडे डोळे लावून जो पाहतो त्याच्या पदरी सावलीच पडते. दिवे मालवून, चार मित्रांना बोलावून, पहिल्या स्वरापासून शेवटच्या टाळीपर्यंत जो बसतो त्याला फ्रेडीची हाक ऐकू येते. पाचगणीच्या वसतिगृहातील मुलाने नभोवाणीला कान लावला होता तो याच रीतीने. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले आणि वेम्ब्लीचा चित्रपट पुढच्या शनिवारी माझ्या घरी सर्वांनी मिळून पाहायचे ठरवले. शेजाऱ्यांना आधी कल्पना देण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे.