पिवळ्या कागदामागची बाई

इंग्रजीच्या तासाला सरांनी ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा शिकवली, तेव्हा एका बाईला वेड लागते एवढेच मला कळले. भिंतीला कागद लावतात हेच मुळी मला नवे. आमच्या घराच्या भिंती शेणामातीच्या. पुढे लेखिकेचे चरित्र वाचले आणि ती कथा मी पुन्हा उघडली.

शार्लट पर्किन्स गिलमन यांचा जन्म ३ जुलै १८६० रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. त्या लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आईने गरिबीत मुले वाढवली. शार्लट चित्रकला शिकल्या व जाहिरातींची कार्डे रंगवून चार पैसे मिळवू लागल्या. १८८४ मध्ये चार्ल्स वॉल्टर स्टेटसन या चित्रकाराशी त्यांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि मनाला उदासीने घेरले. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर वेअर मिचेल यांनी त्यांना विश्रांतीचा उपचार दिला. घरी जाताना बजावले की, मुलीला सतत जवळ ठेवावे, बौद्धिक काम दिवसाला दोनच तास करावे आणि लेखणी, कुंचला जन्मात हाती धरू नये. हे पाळता पाळता त्या वेडाच्या काठावर पोचल्या. अखेर १८८८ मध्ये मुलीला घेऊन त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. तेथे १८९० मध्ये ही कथा लिहिली. ती जानेवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

कथेतील बाईला तिचा डॉक्टर नवरा माडीवरच्या खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला खिळलेला. ही पूर्वी मुलांची खोली असावी, असे तिला वाटते. नवराही तिला मुलासारखेच वागवतो. लिहायला बंदी, म्हणून ती चोरून लिहिते आणि भिंतीवरचा पिवळा कागद निरखत बसते. रात्री त्यावरची नक्षी गजांसारखी दिसते व त्यामागे एक बाई हलते. मला वाटते, हा कागदच तिचा स्वभाव उघड करतो. वरून ती आज्ञाधारक, आतून चौकस, कल्पक आणि हट्टी. शेवटी ती कागद फाडते. पण तोवर मनाचा तोल गेलेला असतो. शार्लट वाचल्या, कारण त्यांनी लेखणी पुन्हा उचलली.

१८९४ मध्ये घटस्फोट झाला. मुलीला वडिलांकडे पाठवले म्हणून त्यांना लोकनिंदा सोसावी लागली. १८९८ मध्ये ‘विमेन अँड इकॉनॉमिक्स’ हा ग्रंथ आला. १९०९ ते १९१६ त्यांनी एकटीने मासिक चालवले. वंशाविषयीचे त्यांचे विचार मात्र मला मुळीच पटत नाहीत. कर्करोग झाल्यावर १७ ऑगस्ट १९३५ रोजी त्यांनी स्वतःच जीवन संपवले.

बाळंतपणानंतर माझी वहिनी अशीच गप्प झाली होती. दिवसभर गोधडीचा एकच टाका उसवायची, पुन्हा घालायची. बाहेरचे काही असेल म्हणून घरच्यांनी अंगारा लावला. तिला काय होते हे कोणी विचारले नाही, मीसुद्धा नाही.

दिवाळीच्या सुटीत मी तिला ही कथा सांगितली. तिने एकच विचारले, त्या बाईचे नाव काय? कथेत तिला कोणी नावाने हाकच मारत नाही, हे सांगताना माझा आवाज अडखळला. मग मी तिला लिहिणारीचे नाव सांगितले.