बाबाराव सावरकर : घाण्यास जुंपलेला बंदिवान

नाशिक जिल्ह्यातील भगूर या गावी ता. १३ जून १८७९ रोजी गणेश दामोदर सावरकर यांचा जन्म झाला. पुढे सर्व महाराष्ट्र त्यांना बाबाराव म्हणू लागला. त्यांचे धाकटे बंधू विनायकराव यांचे नाव इतके गाजले की, थोरल्या भावाचे चरित्र त्या छायेत झाकून गेले. तथापि बंदिवानाच्या देहास त्या काळी काय काय भोगावे लागे हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे, त्याने या थोरल्या भावाकडे अवश्य पाहावे.

मातोश्री १८९२ साली पटकीने गेल्या. १८९९ साली प्लेगाने वडिलांस नेले. बाबाराव व सर्वांत धाकटा नारायण हेही त्याच दुखण्याने अंथरुणास खिळले, परंतु वाचले. विशीतल्या या तरुणाच्या मनाचा ओढा वैराग्याकडे होता. पण पाठीमागे दोन भाऊ, एक बहीण व पत्नी येसूबाई, असे घर होते. वैराग्याचा विचार बाजूस ठेवून त्यांनी संसाराचे जू मानेवर घेतले, आणि विनायकरावांस १९०६ साली विलायतेस बॅरिस्टर होण्यास पाठवले.

राज्य उलथून टाकण्याची इच्छा बाळगणाऱ्या तरुणांच्या मंडळाशी बाबारावांचा संबंध होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्या अपराधाबद्दल त्यांस शिक्षा झाली तो म्हणजे काही कविता छापून प्रसिद्ध करणे हा होय. त्या कवितांत पुराणातील देव व शिवाजी महाराज यांच्या कथांच्या आडून राज्यकर्त्यांविरुद्ध शस्त्र उचलण्याची चिथावणी आहे, असे सरकारचे म्हणणे होते. ता. ८ जून १९०९ रोजी नाशिक येथे त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा व मालमत्ता जप्तीचा हुकूम झाला. मुंबईच्या हायकोर्टानेही ती शिक्षा कायम केली.

या शिक्षेच्या संतापाने त्याच वर्षी ता. २१ डिसेंबर रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सनसाहेब यांचा गोळी घालून खून करण्यात आला. खून करणारा अनंत कान्हेरे हा औरंगाबादेस शिकणारा मुलगा, म्हणजे आपल्या जालन्याच्या शेजारचाच. जॅक्सनसाहेब संस्कृताचे मोठे अभ्यासक होते. त्या कृत्याचे समर्थन आम्हास करता येत नाही. पण एक भारी शिक्षा दुसऱ्या रक्तपातास कशी जन्म देते, हे त्यावरून दिसते. कान्हेरे व त्याचे दोन सोबती यांस एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

बाबाराव १९१० साली अंदमानात पोहोचले. पोर्ट ब्लेअर येथील तुरुंगाचे बांधकाम १८९६ साली सुरू होऊन १९०६ साली पुरे झाले होते. मधोमध एक मनोरा, व चाकाच्या आऱ्यांप्रमाणे त्यातून निघालेल्या सात तीनमजली इमारती, अशी त्याची रचना होती. सुमारे ७०० कोठड्या, आणि प्रत्येकीत एक मनुष्य. एका इमारतीची तोंडे दुसरीच्या पाठीकडे असल्यामुळे समोरच्या बंद्याचे तोंड दिसावे अशी सोयच नव्हती. डेव्हिड बारी नावाचा आयरिश जेलर तेथे सर्वाधिकारी असल्याप्रमाणे वागे.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा हद्दपारीची होती. या मनुष्यास घाण्यास जुंपावे, भिंतीस हातकडीने अडकवावे असे कोणत्याही न्यायाधीशाने लिहिले नव्हते. त्या शिक्षा तुरुंगाच्या आत ठरत. तेथे ना वकील, ना साक्षीदार, ना अपील. कोर्टात कित्येक महिने चाललेल्या खटल्यापेक्षा तेथील दोन मिनिटांचा निकाल मनुष्याच्या हाडामांसास अधिक जाणवे.

आपल्या जालना, अंबड, भोकरदन या बाजूच्या खेड्यांत करडईचा लाकडी घाणा ज्यांनी पाहिला असेल, त्यांस डोळ्यांना झापडे बांधलेला बैल आठवेल. दुपारी तेली त्यास सोडून पेंड व पाणी देत असे. अंदमानात त्या बैलाच्या जागी मनुष्य असे. सुके खोबरे घाण्यात घालून, आडव्या लाकडास छाती व हात लावून गोल गोल फिरावयाचे, आणि संध्याकाळपर्यंत ३० रत्तल तेल मोजून द्यावयाचे. माप कमी भरले की शिव्या, मार व पुढची शिक्षा. ज्यांस घाणा नसे त्यांस नारळाची सोडणे कुटून काथ्या काढावा लागे. त्याने तळहात सोलून निघत.

बाबारावांस अर्धशिशीचे भयंकर दुखणे होते. तुरुंगात ताप हा उष्णमापकावर दिसतो म्हणून खरा मानीत; डोकेदुखी कोणत्याच यंत्रावर दिसत नाही, सबब ती कामचुकारपणा ठरे. डोके फुटून जात असताही त्यांस घाण्यावर उभे राहावे लागले.

बंद्यांनी काम नाकारले तेव्हा बाबाराव त्यांच्यात पुढे होते, व त्याचे फळ त्यांस मिळाले. उभी हातकडी म्हणजे खांद्याच्या वर भिंतीत ठोकलेल्या कडीस दोन्ही हात अडकवून दिवसाचे तासचे तास उभे ठेवणे. असे आठवडाभर चाले, आणि नैसर्गिक विधीसही ठरल्या वेळेवाचून सोडीत नसत. दंडाबेडीत कमरेपासून घोट्यापर्यंत लोखंडी दांडे असत. आडव्या बेडीत दोन्ही पायांमध्ये दांडा असल्यामुळे पाय जवळ घेता येत नसत. बसणे, निजणे, चालणे सर्व त्याच स्थितीत. अंगणात फटके मारण्याची टिकटी होती. १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्याने ३० पर्यंत फटके मारण्याची मुभा अधिकाऱ्यास दिली होती, व वेत अर्ध्या इंचाहून बारीक नसावा असेही त्यात नमूद होते. फटके सोसण्यास बंदी समर्थ आहे असा दाखला अगोदर डॉक्टराने द्यावयाचा असे. ज्याने जखम बांधावयाची, त्यानेच जखम करण्यास संमती द्यावयाची!

या छळात सर्वच टिकले नाहीत. १९१२ साली इंदुभूषण रॉय या बंगाली तरुणाने कोठडीत गळफास लावून घेतला. त्याच वर्षी उल्हासकर दत्त हे तापाने फणफणत असता हातकडीत अडकवले गेले व त्यांचे भान गेले. पुढे त्यांस मद्रासेच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्यात आले.

ता. ४ जुलै १९११ रोजी विनायकरावही तेथेच आणले गेले. एकाच तुरुंगात दोघे सख्खे भाऊ, पण त्यांस भेटू देत नसत. तेलाचे माप देण्याच्या गर्दीत बऱ्याच काळाने त्यांची क्षणभर गाठ पडली. विलायतेत बॅरिस्टर व्हावा म्हणून ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या, तो कैद्याच्या वेषात समोर उभा!

इकडे घरी येसूबाई पतीची भेट व्हावी म्हणून झुरत होत्या. भेटीची परवानगी येण्यापूर्वीच १९१९ साली त्यांनी देह ठेवला. त्या वर्षी नारायणराव व विनायकरावांच्या पत्नी अंदमानास गेल्या, तेव्हा बाबारावांच्या डोळ्यांनी शोधलेले माणूस त्यांच्यात नव्हते. न्यायाधीशाच्या लेखात येसूबाईंचे नाव कोठेही नव्हते.

१९१९-२० साली नेमलेल्या तुरुंग समितीने अंदमानास बंदी पाठविणे थांबवावे अशी शिफारस केली. मे १९२१ मध्ये दोघा भावांस हिंदुस्थानात आणले. बाबारावांस प्रथम विजापूरच्या व नंतर साबरमतीच्या तुरुंगात ठेवले. तोवर क्षयाने त्यांचा देह पोखरून टाकला होता. आता हे जगत नाहीत असे दिसू लागले तेव्हा, सप्टेंबर १९२२ मध्ये, त्यांची सुटका झाली.

मरणाच्या दारातून परत आलेला हा मनुष्य आणखी बावीस वर्षे जगला. हिंदू संघटनेच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले व अनेक ग्रंथ लिहिले. प्रभू येशू ख्रिस्त हा मूळचा तामीळ हिंदू होता, असे प्रतिपादन करणारा एक ग्रंथही त्यांच्या नावावर आहे. त्यास काही आधार आहे असे आम्हास वाटत नाही, आणि त्यांची इतरही कित्येक मते आमच्या मंडळ्यांस मानवणारी नाहीत. परंतु ज्याची मते आपणास पटतात त्याच्याच वेदना खऱ्या, असे मानण्याची मोकळीक आपणास कोणी दिली?

ता. १६ मार्च १९४५ रोजी सांगली येथे बाबारावांचे देहावसान झाले. फटक्यांच्या शिक्षेचा कायदा पुढे दहा वर्षांनी, १९५५ साली, रद्द झाला. अंदमानच्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. तेथे जाणाऱ्यांस घाणा, बेड्या व टिकटी यांच्या प्रतिकृती दाखविण्यात येतात.