कुलूप भास्कराचार्यांचं, ताळा आपला!

धनत्रयोदशीला आपल्या जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. धुळ्याच्या पेठेतही तीच गत. पण आता बराचसा बाजार मोबाईलमध्ये शिरलाय. साड्या, केळीचे वेफर्स, अगदी सोन्याचं नाणंसुद्धा लोक घरबसल्या मागवतात. पैसे भरताना साईटच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ दिसलं की आपण निर्धास्त होतो, कारण व्यवहाराला कुलूप लागलेलं असतं. या कुलपाची किल्ली घडवताना जे गणित लागतं, ते आपल्या खानदेशाशी नातं असलेल्या एका माणसाने पावणेनऊशे वर्षांपूर्वी नीट मांडून ठेवलं होतं, असं सांगितलं तर? थाप वाटेल. पण आधी त्यांची ओळख तर करून घेऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. गावाचं नाव त्यांनी स्वतःच दिलंय, सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलविड. हे गाव म्हणजे चाळीसगावजवळचं पाटण, असं आपल्याकडे मानतात. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत, तो वाद इथे नको. वडील महेश्वर हे ज्योतिषी, आणि तेच भास्करांचे गुरू. घरात ग्रहगणित, पंचांग आणि आकडेमोड चालूच असायची.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आपल्यातले बरेच जण ३६ व्या वर्षी होम लोनचे हप्ते मोजत असतील! पुढे त्यांनी स्वतःच्याच ग्रंथावर ‘वासनाभाष्य’ लिहिलं. वासना म्हणजे इथे उपपत्ती, हे असंच का होतं त्याचं कारण. नुसतं सूत्र पाठ असलेल्या आणि उपपत्ती न जाणणाऱ्या गणितीला जाणकारांच्या सभेत मान नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. (व्हायवाला बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता मुद्द्याचं गणित. त्याचं नाव कुट्टक, म्हणजे कुटून बारीक करणारा. लीलावतीतलं उदाहरण असं : २२१ ला कितीने गुणून त्यात ६५ मिळवले, की १९५ ने निःशेष भाग जातो? उत्तर ५. गुणाकार ११०५, त्यात ६५ मिळवून ११७०, भागाकार ६. मोठ्या आकड्यांना एकमेकांनी भागत भागत लहान करायचं आणि मग भागाकार उलट्या क्रमाने जोडत वर यायचं, ही रीत. रीत मुळात आर्यभटांची, इ.स. ४९९ ची. भास्कराचार्यांनी तिची सविस्तर मांडणी केली. ‘स्थिर कुट्टक’ या प्रकारात तर ६५ सारख्या संख्येऐवजी आधी फक्त १ घेऊन उत्तर काढतात आणि मग त्याला हव्या त्या संख्येने गुणतात.

हा १ आपल्या कामाचा आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए पद्धत शोधली. छोट्या आकड्यांत पाहू. ११ आणि १७ या मूळ संख्या घ्या. गुणाकार १८७, तो जगजाहीर. जगजाहीर किल्ली ७. दोन्ही संख्यांतून एकेक वजा करून १० गुणिले १६ म्हणजे १६०, हा गुप्त ठेवायचा. आता गुप्त किल्ली अशी हवी, की तिला ७ ने गुणून १६० ने भागलं तर बाकी १ उरेल. कुट्टक लावा. १६० ला ७ ने भागलं, भागाकार २२, बाकी ६. ७ ला ६ ने भागलं, भागाकार १, बाकी १. उलट वर या, उत्तर २३. पडताळा : ७ गुणिले २३ म्हणजे १६१. जमलं! प्रत्यक्षात १८७ च्या जागी ६१७ अंकी संख्या असते. ती फोडून मूळ संख्या शोधणं आजच्या संगणकांनाही जमलेलं नाही. म्हणून कुलूप टिकून आहे.

त्या तिघांनी लीलावती वाचून हे केलं, असा माझा दावा नाही. ते युक्लिडच्या वाटेने तिथे पोचले. आपल्याकडे सगळं आधीच होतं, अशी छाती फुगवण्यात मला रस नाही. पण जी पायरी आपण सिलॅबसमध्ये ‘एक्स्टेंडेड युक्लिड’ म्हणून घोकतो, ती आपल्या जिल्ह्यातल्या मठात शिकवली जात होती, हे माहीत असायला काय हरकत आहे?

या मठाची गोष्ट पुढे येते. त्याआधी लीलावतीची दंतकथा. मुलीच्या लग्नाचा एकच शुभमुहूर्त होता. भास्कराचार्यांनी घटिकापात्र लावलं. लीलावती कुतूहलाने वाकली, अंगावरचा एक मोती पात्रात पडला आणि छिद्र बुजलं. पाणी थांबलं, घटिका बुडालीच नाही, मुहूर्त टळला. ही कथा मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती येते. खरी असो वा नसो, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांसाठी ती फार खरी आहे. गणित बरोबर होतं, यंत्रही बरोबर होतं. पण वर्षातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दिवशी यंत्राकडे कुणी पाहत नव्हतं.

असंच २०१३ मध्ये अमेरिकेत ‘टार्गेट’ या मोठ्या दुकानसाखळीत घडलं. तिकडच्या नाताळच्या खरेदीची धामधूम, २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर. चोरांनी बिलिंगच्या मशीनमध्ये घातक प्रोग्राम घुसवून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती पळवली. कुलपाचं गणित कुणी फोडलं नाही. एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा चोरलेला पासवर्ड वापरून ते आत आले. सुरक्षा यंत्रणेने धोक्याचे इशारेही दिले होते. गर्दीच्या दिवसांत त्यांची वेळेवर दखल घेतली गेली नाही. मोती पडलेला दिसत होता, पण काढला कुणी नाही.

भास्कराचार्य मात्र म्हातारपणीही थांबले नाहीत. ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. ग्रहांचं गणित रोजच्या कामात झटपट करता यावं, असा हा सुटसुटीत ग्रंथ. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात पंडित झाला. नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवांनी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला १२०७ मध्ये दान दिलं. चाळीसगावहून १८ किलोमीटरवर पाटणादेवीच्या देवळात तो शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो जगापुढे आणला. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वे आहे, एकदा जरूर जा. मी दोनदा जाऊन आलोय.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात चक्क बाजाराचा हिशेब आहे! पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला होता. म्हणजे आपल्या भागात गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालत होती. मग गणित शिकलेल्यांनी बाजाराची थोडी राखण करायला नको का?

माझ्या मामांचं धुळ्यात साड्यांचं दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डरही घेतात. दिवाळीच्या आठवड्यात एका ‘गिऱ्हाइकाने’ फोन केला : पैसे पाठवतोय, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका. मामा म्हणाले, थांब, भाच्याला विचारतो. फोन कट! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढी एक गोष्ट माहीत असली तरी पुष्कळ वाचतं.

दुकानदारांना सांगण्यासारखं अजूनही आहे. साईटचं सॉफ्टवेअर सणाच्या दोन-तीन आठवडे आधीच अपडेट करून तपासा. ऐन गर्दीत बदल नकोत. ॲडमिनच्या लॉगिनला पासवर्डबरोबर दुसरी ओळख लावा. डिझायनर, कुरिअर, कंत्राटदार, प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या आणि काम संपलं की बंद करा. बॅकअप दुसरीकडे ठेवा, आणि तो परत चढतो का तेही पाहा. गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तो दुकानदाराला साठवताच येत नाही. हजारो संगणकांतून खोटी गिऱ्हाइकं पाठवून साईट बंद पाडतात, तेव्हा खरं गिऱ्हाईक दाराबाहेरच राहतं. ही गर्दी कशी अडवणार, ते होस्टिंगवाल्याला आधीच विचारा. रात्री लॉग कोण बघणार, त्या माणसाचं नाव ठरवा. आणि फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन करा.

बेरीज-गुणाकार करून झाला की आपण ताळा करतो. कुलूप भास्कराचार्यांच्या गणिताचं आहे, ते पक्कं आहे. ताळा करायचं काम आपलं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात, की ओळखीच्या एका तरी दुकानात तासभर बसा आणि वरची यादी घेऊन ताळा करून या. चहा तर नक्की मिळेल!