शूर वीर यशवंतराव होळकर



यशवंतरावांचा जन्म १७७६ साली पुणे जिल्ह्यात वाफगाव येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव तुकोजीराव होते. १७९७ साली तुकोजीराव वारले. मंग गादीसाठी भावाभावांत भांडण लागले. दौलतराव शिंदे यांनी थोरल्या काशीरावाची बाजू घेतली. शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हारराव या भावाला ठार मारले. यशवंतराव नागपूरला भोसल्यांच्या आसऱ्याला गेले, पण भोसल्यांनी त्यांनाच कैद केले. तेथून ते निसटले. त्यांनी भिल्ल, पठाण असे लोक जमवून फौज उभी केली.

१८०१ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी त्यांचा भाऊ विठोजी याला हत्तीच्या पायी दिले. यशवंतरावांना लई राग आला. ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली. पेशवे आणि शिंदे यांची फौज हरली. बाजीराव पळाले आणि इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. ३१ डिसेंबरला त्यांनी वसईचा तह केला. भांडले आपलेच लोक आणि फायदा झाला इंग्रजांचा!

१८०३ साली शिंदे व भोसले इंग्रजांशी लढले. असई आणि आडगाव येथे ते हरले. हे आडगाव आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात आहे. तवा यशवंतराव मदतीला गेले नाहीत. १८०४ साली ते स्वतः लढले. त्यांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेला पळवून लावले. पण तवा शिंदे मदतीला आले नाहीत. शेवटी १८०५ साली यशवंतरावांना तह करावा लागला. तरी ते खचले नाहीत. भानपुरा येथे त्यांनी तोफा ओतायला सुरुवात केली. तेथेच ता. २८ ऑक्टोबर १८११ रोजी ते वारले. त्यांनी चाळिशीही पाहिली नाही.

शिंदे शूर होते, होळकरही शूर होते. दोघे एकदम लढले असते तर किती बरे झाले असते!

माझे बाबा आणि काका वावराच्या धुऱ्यावरून दोन वर्षांपासून बोलत नाहीत. दिवाळीलाही चूल वेगळी असते. पालकसभेला दोघेही येणार आहेत. त्यांनी हे जरूर वाचावे.

मित्रांनो, आपण सर्वांनी एकीने राहावे.

इयत्ता ४ थी